डावीकडचा श्वास

१

कानात घालायचे महागडे मॉनिटर, म्हणजे एक प्रकारचे इअरफोनच, तपासून त्यांच्याबद्दल लिहिणं हे माझं काम आहे. लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर गाणी ऐकते आणि वर त्याचे पैसे घेते. नवऱ्यालाही इतक्या वर्षांनंतर तसंच वाटतं. "ज्यांच्या बायकांना सोन्याचे कानातले पुरतात ते नवरे सुखी," असं तो पाहुण्यांसमोर म्हणतो, "आमच्या हिच्या कानातल्यांत एक स्कूटर येते." खरं तर आम्ही एकाही जोडीला छदाम देत नाही. कंपन्या पाठवतात, मी ऐकते, लिहिते आणि परत करते.

गाणी मी सगळ्यात शेवटी ऐकते. आधी ऐकते ते आमचं घर.

गाणं मुळात कसं वाजलं होतं हे आपल्याला कुठे माहीत असतं? मला हे काम शिकवणारा ध्वनिमुद्रक फार फाटक्या तोंडाचा होता, पण त्याचं एक म्हणणं मी गाठीशी बांधून ठेवलंय. तो म्हणायचा, ज्या आवाजाची जागा तुझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे, तोच वाजवून बघ, बाकी सगळा शब्दांचा फुलोरा. म्हणून नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी मी हरभऱ्याएवढे दोन माइक स्वतःच्याच कानांत बसवले, जेवणाच्या टेबलाशी माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि मान जराही न हलवता घराचा आवाज टिपून घेतला. ते ऐकताना आपण त्याच खुर्चीत बसलोय असं वाटतं.

त्यात फार काही नाही. डावीकडे फ्रिजची घरघर, उजवीकडे स्वयंपाकघरातला गळका नळ, समोर भिंतीवरचं घड्याळ. आणि माझ्या पाठीमागे बुटकी. बुटकी म्हणजे आमची मुलगी. ती आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीय, पण चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. तेव्हा ती चार वर्षांची होती आणि बाहुलीशी लपाछपी खेळत होती. "आता तू लप. मी हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही हं!" असं दटावून ती पॅसेजच्या भिंतीला कपाळ टेकते आणि मोजते. एक, दोन, तीन, चार, सहा. पाच तिला कधी सापडायचाच नाही. दहा झाल्याबरोबर दाराची घंटा वाजते, बुटकी "बाबा!" करत धावते आणि ध्वनिमुद्रण संपतं.

आजवर हाताखालून गेलेल्या प्रत्येक जोडीवर मी हे ऐकलंय. घंटेचा नाद विरताना किती वेळ ऐकू येतो, यावरून मी जोडीची लायकी सांगते. ती दुपार मला तोंडपाठ आहे.

निदान मी तसं समजत होते.

२

ही जोडी एका नव्या कंपनीची होती. काळी, गुळगुळीत, करंगळीच्या नखाहून थोडी मोठी. आत शिरणाऱ्या सिलिकॉनच्या टोप्यांचे निरनिराळे आकार डबीत होते, पण मला बदलावंच लागलं नाही. पहिलीच टोपी बसली. एरवी तासाभरात कान दुखायला लागतो, घाम येतो, चावताना आत काहीतरी सरकतं. इथे काहीच नाही. दुपारी मी फोन शोधत घरभर फिरले, पाणी प्यायले, आणि मग कानाला हात लावला तेव्हा कळलं की दोन्ही मॉनिटर कानातच आहेत.

संपादकबाईंचा फोन आला. "आरामाला किती गुण?"

"घातलेत की काढलेत तेच कळत नाही," मी म्हटलं. "याला गुण द्यायचे की कापायचे?"

"द्यायचे," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारच्या आत लिही. नेहमीसारखं रडत बसू नकोस."

मी खुर्चीत बसले आणि ती दुपार लावली. फ्रिज, नळ, घड्याळ. सगळं इतकं जवळ आणि स्वच्छ की मला हसू आलं. असं हसू वर्षातून एखाद्या वेळी येतं. नळाचा थेंब भांड्यावर पडतो हे माहीत होतं, पण त्या भांड्यात आधीपासून पाणी आहे हे पहिल्यांदाच ऐकू आलं. मग बुटकी म्हणाली, "आता तू लप. मी हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही हं!"

आणि अनवाणी पावलं ऐकू आली.

हलकी, भराभर टाकलेली पावलं. माझ्या पाठीमागून निघून डाव्या हाताने फ्रिजच्या पलीकडे गेली. तिथे भिंतीतलं कपाट आहे. कपाटाच्या दाराचा चाप उघडल्याचा टक् असा आवाज झाला, मग लागल्याचा. त्याच वेळी उजवीकडे मागे, पॅसेजच्या भिंतीशी, बुटकी मोजत होती. एक, दोन, तीन, चार, सहा.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. वरच्या मजल्यावरची पावलं असतील, असं स्वतःला सांगितलं. पण वरचा आवाज वरून येतो, आणि वर-खाली ओळखण्याचेच तर मी पैसे घेते. ही पावलं आमच्या फरशीवरची होती. बुटकीचीच म्हणावीत, तर बुटकी भिंतीशी उभी राहून मोजत होती. नवरा घंटा वाजवायच्या बेतात दाराबाहेर होता. मी खुर्चीत होते.

आणि बाहुली चालत नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी, घर रिकामं झाल्यावर, मी उलटी जोडणी केली. हे मी प्रत्येक जोडीला करते. तारा काढायच्या आणि डावीची उजव्याला, उजवीची डाव्याला लावायची. मग सगळी खोली आरशात पाहावी तशी फिरते. फ्रिज उजवीकडे येतो, नळ डावीकडे जातो. दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाही ते यातून कळतं. एखादा आवाज फिरला नाही, तर दोष मॉनिटरमध्ये. साधा हिशेब आहे.

फ्रिज उजवीकडे आला. नळ डावीकडे गेला. "आता तू लप" झालं, पावलं उजव्या हाताने गेली आणि कपाटाचा चाप उजवीकडे वाजला. सगळं शहाण्यासारखं फिरलं. मला बरं वाटलं. नऊ वर्षांपूर्वी शेजारचं एखादं पोर खेळायला आलं असेल आणि मी कामाच्या नादात विसरले असेन, एवढंच. तेव्हा सारखी येत-जात असायची ती पोरं. मी स्वतःला वेड्यात काढलं.

मग डावीकडे कुणीतरी श्वास घेतला.

अगदी बारीक. नाकातून घेतलेला, आवाज होऊ नये म्हणून चोरून घेतलेला. मुद्रणातलं सगळं उजवीकडे सरकलं होतं आणि हा श्वास मात्र खऱ्या डावीकडे होता. फ्रिजच्या पलीकडे. आमचं कपाट आज जिथे आहे तिथे.

मी घाबरले, हे सांगायला लाज कसली. पण घाबरतानाही कामाची सवय सुटत नाही. कान बंद केले की स्वतःचाच श्वास हाडांतून मोठा ऐकू येतो, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. म्हणून मी श्वास रोखला. डावीकडचा श्वास चालूच राहिला. मॉनिटरचा दोष म्हणावा, तर मी खुर्ची फिरवून पाठीमागे तोंड करून बसले. दोष कानाबरोबर फिरतो. हा फिरला नाही. कपाट आता माझ्या उजव्या हाताला होतं आणि श्वास उजव्या कानात होता.

आणि ही जोडी बाहेरचा आवाज आत येऊ देत नाही. फोन शेजारी वाजला तरी ऐकू येत नाही. तो आत कसा येत होता?

मी मुद्रण थांबवलं. घर गप्प झालं. श्वासही थांबला, पण जरा उशिराने. लपलेल्या पोराला आपला माग लागल्याचा संशय यावा आणि त्याने दम धरावा, तसा.

४

कपाट उघडायला मी नवरा घरी येईपर्यंत थांबले. त्याला काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, इस्त्रीचं टेबल काढून दे.

आत नेहमीचं सामान होतं. वर पांघरुणं, खाली तीन सुटकेसा, झाडलोटीचं यंत्र, माझ्या जुन्या जोड्यांचा खोका. सगळं उजवीकडे एकमेकांवर रचलेलं, आणि डाव्या कोपऱ्यात, खाली, थोडी जागा मोकळी. गुडघे पोटाशी घेऊन एखादं मूल बसेल एवढी.

"ही जागा रिकामी का ठेवलीस?" मी विचारलं.

"मी?" तो म्हणाला. "तूच ठेवतेस की. मला वाटायचं, तुझा काहीतरी बेत असेल. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे पंखा ठेवला होता, तर तू तो काढून माळ्यावर टाकलास."

"मी पंख्याला हात लावलेला नाही."

"मग काय त्याला पाय फुटले?" असं म्हणून तो हसला. मी हसले नाही म्हटल्यावर तोही थांबला. "झोप होत नाहीये का तुझी? कानांना जरा सुट्टी दे. कानाचं दुखणं डोक्यात जातं माणसाच्या."

मी वाकून त्या कोपऱ्यात हात घातला. सगळ्या कपाटात धूळ होती. तिथली फरशी मात्र स्वच्छ होती, आणि कोमट.

५

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "बुटके, लहानपणी तू लपाछपी कुणाशी खेळायचीस गं?"

"बाबाशी. तुझ्याशी. तू फार लवकर सापडायचीस."

"दुपारी. एकटी असताना."

ती घास हातात धरून विचार करत राहिली. "होतं कुणीतरी," ती म्हणाली. "नाव नव्हतं त्याला. छान लपायचं ते. अजिबात फसवायचं नाही. सांगितलं तेवढंच करायचं." मग तिने खांदे उडवले. "लहान मुलांचं असतंच ना तसं, खोटं खोटं कुणीतरी?"

"असतं की," तिचा बाबा म्हणाला. "माझा एक सिंह होता."

मी विषय तिथेच सोडला. सोडला आणि भांडी घासायला उठले, ही माझी चूक. जोडी टेबलावर होती आणि माझा प्लेअरही. पाण्याच्या आवाजात मला काही कळलं नाही. हात पुसत बाहेर आले तर बुटकी माझ्या खुर्चीत बसलेली, दोन्ही मॉनिटर कानात, आणि गालांवरून पाणी वाहतंय. मी तिच्या कानांतून ते जवळजवळ ओरबाडूनच काढले.

"आई," ती म्हणाली, "घंटा वाजली आणि मी बाबाकडे पळाले. मी हाक मारलीच नाही गं."

"कसली हाक? तू चार वर्षांची होतीस."

"ते अजून तिथेच आहे. मी सांगितलं होतं ना, हाक मारल्याशिवाय यायचं नाही. मी मोठी झाले, शाळा बदलली, आणि ते तिथे बसून..." तिने बाहीने गाल पुसले. "बिचारं."

माझ्या अंगावर काटा आला, तो त्या शब्दाने. माझी मुलगी मऊ मनाची आहे. रस्त्यातलं लंगडं कुत्रं, वर्गातली न बोलणारी मुलगी, सगळी हिच्या ओटीत. तिला भीती वाटली असती तर मी निर्धास्त झोपले असते.

मी तिचे खांदे धरले. "नीट ऐक. हाक मारायची नाही. गमतीतसुद्धा नाही. त्या कपाटापाशी बोलायचंसुद्धा नाही. शप्पथ घे माझी."

"पण का? ते काही वाईट नाहीये."

जे नऊ वर्षं श्वास चोरून बसू शकतं, ते मूल नसतं, एवढंच मला कळत होतं. पण हे तेरा वर्षांच्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"घे शप्पथ," मी म्हटलं.

तिने घेतली. माझ्याकडे न बघता.

६

परीक्षण लिहून झालं होतं. फक्त आरामाची शेवटची चाचणी राहिली होती. एक पूर्ण दुपार जोडी कानात ठेवायची, काही न लावता, आणि कान कधी कुरकुरतो ते बघायचं. ते टाळून खोटे गुण टाकता आले असते. पण एवढ्या वर्षांत मी एकदाही न तपासता लिहिलेलं नाही, आणि ही जोडी एकदाची डबीत घालून घराबाहेर काढायची मला घाई झाली होती. मुद्रण मी पुसून टाकलं होतं. कपाटाच्या दाराला चिकटपट्टी लावली होती. नवऱ्याने ती बघूनही विनोद केला नाही, यावरून त्याला माझी किती काळजी वाटत होती ते कळावं.

मी टेबलाशी भाजी निवडत बसले होते. भर दुपार होती, उन्हाने खोली उजळली होती. कानांत मॉनिटर, आणि कुठलाही आवाज नाही. श्वासही नाही. किती वेळ गेला कोण जाणे. सहज मान वळवली तर बुटकी कपाटासमोर उभी होती. शाळेतून कधी आली, दार कधी उघडलं, मला कळलंच नव्हतं. दप्तर अजून पाठीवर होतं. चिकटपट्टी काढून तिने हाताला गुंडाळली होती.

तिचे ओठ हलले.

मला काहीच ऐकू आलं नाही. मी दोन्ही मॉनिटर खेचून काढले, डबीत टाकले आणि धावले. "काय म्हणालीस? बुटके, काय म्हणालीस तू?"

"काही नाही गं." ती दचकली होती, पण चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्याचं समाधान होतं. "नुसतं म्हटलं, ये बाहेर, संपला खेळ. सॉरीपण म्हटलं. बघ ना, काही झालं का?"

काहीच झालं नव्हतं. आम्ही दोघी कपाटाच्या दाराकडे बघत राहिलो. मग मीच दार उघडलं. पांघरुणं, सुटकेसा, खोका. डावा कोपरा रिकामा. मी हात लावून पाहिला तर फरशी गार होती, कुठल्याही फरशीसारखी. मला हसू फुटलं. बुटकीही हसायला लागली, आणि मी तिला जवळ घेतलं. इतकी उंच झालीय की माझी हनुवटी तिच्या खांद्याशी येते. गेलं एकदाचं, असं मला वाटलं. दार उघडलं, म्हटलं जा, आणि गेलं. इतकं सोपं होतं तर मी उगाच पोरीला रडवलं.

"एक," कुणीतरी म्हणालं.

आवाज पाठीमागून आला. पॅसेजच्या भिंतीशी. भिंतीला तोंड लावून बोलल्यावर आवाज जसा दबतो तसा दबलेला.

"दोन."

पहिल्यांदा मला वाटलं की मी मुद्रणच ऐकतेय. अजून ती जोडी कानात आहे, मला कळत नाहीये, दुसरं काही नाही. मी कानांना हात लावला. एका कानाला, मग दुसऱ्या. दोन्ही मोकळे होते. डबी टेबलावर होती, आणि मुद्रण पुसलेलं होतं.

"तीन."

चार वर्षांच्या बुटकीचे हेल होते ते, हुबेहूब. आवाज तिचा नव्हता. जो कधी वापरलाच नाही असा कुणाचा तरी होता. पॅसेजच्या वळणावर, भिंतीच्या कडेपाशी, मला कोपराचा थोडा भाग दिसला. भिंतीला टेकून डोळे झाकले की कोपर बाहेर येतं ना, तेवढाच. तो दाराच्या कडीच्या बराच वर होता. एवढं काही त्या जागेत मावलं कसं, हा विचार मी अर्धवटच केला.

"चार."

"आई," बुटकी माझ्या कानात कुजबुजली. "खेळ संपला नाहीये. आता राज्य त्याच्यावर आलंय. आपण लपायचंय."

"सहा."

बाहेरचं दार पॅसेजच्या पलीकडे होतं. त्याच्या जवळून गेल्याशिवाय तिथे पोचता येत नव्हतं. खिडकीला गज होते. स्वयंपाकघरात मांजरसुद्धा लपणार नाही. मी विचार केला नाही, किंवा आईने करायचा तेवढाच केला. कपाटात एकीचीच जागा होती. मी तिचं दप्तर ओढून काढलं, तिला खाली दाबून त्या कोपऱ्यात बसवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. ती बरोबर मावली. "आवाज करू नकोस," मी म्हटलं, "मी हाक मारल्याशिवाय बाहेर येऊ नकोस." आणि 'सात' ऐकू आलं तेव्हा दार लावलं. चाप टक् करून बसला.

"आठ."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. माझ्यासाठी जागा शोधायची मला गरज वाटली नाही. मी सापडले तर सापडू दे. आधी मी सापडेन, खेळ तिथेच संपेल, असा माझा हिशेब होता. पाठीमागून, लाकडातून, माझ्या पोरीचा श्वास ऐकू येत होता. नाकातून घेतलेला, चोरून घेतलेला.

"नऊ."

बुटकी लहान असताना मीही कितीदा तरी राज्य घेतलं होतं. मोजून झालं की मी आधी कुठे बघायचे, ते मला तेव्हा आठवलं. सगळे तिथेच बघतात. आपण स्वतः जिथे लपलो होतो तिथे.

"दहा," ते म्हणालं, आणि अनवाणी पावलं थेट कपाटाकडे निघाली.